वॉलेसचा प्रवेश

आपल्या लॉरिस्टनवर नाटक होणार, हे ऐकून अर्ला गिलक्राइस्टला आधी हसूच आलं. नाटकं व्हायची ती राजेराण्यांवर, नाहीतर इंग्लंडातल्या दिवाणखान्यांवर. ऑन्टारियोतल्या शेणामातीच्या गावावर कोण नाटक करतं? पण टोरोंटोहून आलेली ती नटमंडळी उन्हाळाभर खरंच गावात राहिली. दिवसा शेतांवर राबायची, लोकांचं बोलणं ऐकायची आणि संध्याकाळी लोकांच्याच शब्दांत ते उभं करून बघायची. लेखक असा कुणी नव्हताच. गाव बोलेल ते नाटक.

त्यांतली मिरियम नावाची मुलगी अर्लाकडे उतरली होती. अर्लाचा नवरा वॉलेस म्हणजे मुलखाचा अबोल. "त्याच्यापेक्षा त्याचा घोडा जास्त बोलतो," असं शेजारची थेल्मा म्हणायची. मिरियम दोन्ही वेळा त्याच्याबरोबर धारा काढायला बसे. गोठ्यातून बोलण्याचा आवाज यायचा, तो मुलीचाच असणार, असं अर्ला धरून चालली होती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती केक घेऊन तालमीला गेली. गुरांच्या लिलावाचं कोठार झाडून तिथे मंच केला होता. मंचावर एक उंच पोरगा एक खांदा पाडून, पट्ट्यात अंगठे अडकवून उभा होता. वॉलेसच जणू, वयाने कमी केलेला. तो म्हणत होता, "त्या हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठलेली. पुरायचं कसं? लेकीची पेटी दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवली, बर्फ वितळेपर्यंत. रोज धारा झाल्या की मी बायकोला सांगायचो, गिरणीवर जाऊन येतो. मी गिरणीवर जात नव्हतो."

"बंद करा ते!" अर्ला ओरडली. स्वतःचा आवाज तिला परका वाटला.

पहिली लेक. पुरतं तोंडही पाहून झालं नव्हतं तोवर देवाने परत नेली. त्या दिवसांत अर्ला भिंतीकडे तोंड करून पडून असायची आणि वॉलेस गिरणीवर जायचा. नवऱ्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, हे तिने चर्चच्या शिवणमंडळात किती जणींना सांगितलं असेल! आणि आता हे.

"मिसेस गिलक्राइस्ट," दिग्दर्शक डेनिस जवळ आला, "हा आमचा सगळ्यात चांगला प्रवेश आहे. वॉलेसनी आनंदाने हो म्हटलंय."

"मी हो म्हटलेलं नाही. ती माझीही लेक होती."

"एकदा शेवटपर्यंत ऐका तरी," मिरियम काकुळतीला आली.

"तुझ्याकडून ऐकू? माझ्या नवऱ्याचं?"

लाज होती ती थोडी. बाकीचं सगळं वेगळंच होतं. तीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या बायकोला जे सांगितलं नाही, ते त्याने कालच्या पोरीला सांगितलं. हे तिला गिळवेना. डेनिसने तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "ठीक आहे. काढतो."

घरी येऊन ती वॉलेसला काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी वॉलेस केस कापून आला. संध्याकाळी चर्चचा काळा कोट घालून उभा राहिला.

"एवढ्या उकाड्यात कोट?"

"असू दे," तो म्हणाला आणि आरशात पुन्हा एकदा भांग बघितला.

सगळा गाव गवताच्या गठ्ठ्यांवर दाटीवाटीने बसला होता. मंचावर ट्रॅक्टर खड्ड्यात घालणारा गडी आला, तशी थेल्मा किंचाळली, "अगं बाई, हा तर आमचा अर्नी! चालणंसुद्धा तेच!"

"मी असा चालतो?" अर्नी म्हणाला.

"याहून वाईट!"

कोठार हसून हसून हाललं. वॉलेसही हसला. पण तो उंच पोरगा मंचावर आला की तो पाठ ताठ करायचा, टोपी गुडघ्यावर नीट ठेवायचा. पोरगा भलत्याच कुणाचं बोलून आत गेला की पाठ पुन्हा हळूच वाकायची. अर्लाला मंचावरचं काही दिसेनासं झालं, नुसती ती पाठ दिसत राहिली. शेवटी नटांनी वाकून नमस्कार केला, लोक उठले. वॉलेस बसूनच होता, अजून थोडं उरलं असेल म्हणून.

"काय रे वॉलेस," थेल्मा म्हणाली, "पोरगी उन्हाळाभर तुझ्या गोठ्यात बसली आणि तुझं एक वाक्य नाही? तोंड उघडायचं होतंस की!"

"माझ्याकडे काय असणार सांगण्यासारखं," तो हसून म्हणाला.

मिरियम आली. तिचे डोळे भरलेले होते. तिने अर्लाकडे पाहिलं. वॉलेसनेच तिच्या खांद्यावर थोपटलं. "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. मलाच नीट सांगता आलं नसेल."

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द अर्लाच्या ओठांवर आला होता. पण थेल्मा उभी होती, अर्नी उभा होता, आणि तो शब्द तिने परत आत घेतला.

गाडीत बसल्यावर मात्र राहवेना. "वॉलेस, ते मी काढायला लावलं."

तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे घेतलं होतं त्यांनी?"

"हो."

"माझं काम कोण करत होता?"

"तो उंच पोरगा."

"बरा करत होता?"

"खांदा तर अगदी तुझाच."

त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं, आणि विझलं. "तू ऐकलंस?"

"गिरणीपर्यंत." ती त्याच्याकडे वळली. "पुढचं तू सांग. त्या दगडी खोलीपाशी जाऊन काय करायचास?"

त्याने गाडीचा वेग कमी केला. मग तो म्हणाला, "एकदा बोललो, अर्ला. त्याला इतकी वर्षं लागली. आता पुन्हा नाही जमायचं." आवाजात राग नव्हता. राग असता तर तिने सोसला असता. "मिरियमला विचार. तिला पाठ असेल."

तो तिथे प्रार्थना करायचा? लेकीशी बोलायचा? जे नाव दोघांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही, त्या नावाने हाक मारायचा? मिरियम उद्या निघणार होती. आज विचारलं तर सगळं सांगेलही. पण ते मिरियमच्या आवाजात असेल.

अंगणात गाडी थांबली. वॉलेसने उतरून कोट काढला, वळसा घालून आला आणि तिच्या बाजूचं दार उघडून धरलं. तिला उतरवेना.

"चल," तो म्हणाला, "फार उकडतंय."