भाऊजींच्या दोन शिंका

ताईने मला स्वतःची एक किडनी दिली आणि तिच्यावर पहारा द्यायला मलाच आपल्या घरी राहायला घेऊन गेली. शरीराने नव्या किडनीला परकी समजून हाकलू नये म्हणून माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी मुद्दाम झोपवून ठेवलेली. ताई शाळेत हजेरी घेते. तिने दारातच रजिस्टर ठेवलं: कोण आलं, हात धुतले का, किती वेळा खोकलं.

आठव्या महिन्यात किडनीत विषाणू सापडला. ताईने रजिस्टर उघडलं आणि अर्ध्या तासात आरोपी पकडला. तिचा नवरा.

"मार्चमध्ये दोन शिंका. मास्क नाकाखाली."

भाऊजींची रवानगी गच्चीवरच्या खोलीत झाली. जेवण जिन्यात ठेवलं जाऊ लागलं.

डॉक्टर मला एकट्याला म्हणाले, "हा शिंकेतून आलेला नाही. लहानपणी बहुतेकांना होतो, मग किडनीत गप्प बसून राहतो. बहुधा बहिणीच्या किडनीबरोबरच आला. त्यांचा दोष नाही यात."

उपाय एकच. गोळ्या कमी करून शरीराला जागं करायचं. जागं झाल्यावर ते आधी विषाणूची मान धरेल की किडनीची, ही त्याची मर्जी.

मी गच्चीवर गेलो. "भाऊजी, तुमची सुटका करतो. डॉक्टर म्हणाले, विषाणू किडनीबरोबरच आला. आज ताईला खरं सांगतो."

त्यांनी घास चावून संपवला. "काय सांगशील तिला? तूच दिलेल्या किडनीतून आला म्हणून?"

"पण तुमचा काही संबंध नाही हो."

"नसू दे. वर्षभर धड झोपलेली नाही ती. माझंच नाव राहू दे. आणि इथे हवा बरी आहे."

हवा अजिबात बरी नव्हती. पत्र्याचं छप्पर होतं.

दोन महिन्यांनी रिपोर्ट आले. विषाणू हटला नव्हता आणि शरीरही किडनीच्या मागे लागलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघांचं एकमत झालं होतं. सोमवारपासून डायलिसिस.

ताई डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत पुढे सरकली. "माझ्याकडे दुसरी आहे की. ती घ्या."

"अगं, तुला लागते ती," मी म्हणालो.

"तू मध्ये बोलू नकोस."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ताईने रिपोर्टची फाइल मिटली. मग म्हणाली, "डॉक्टर, खरं सांगा. हा आला कुठून?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"माझ्याकडून," दाराशी उभे असलेले भाऊजी म्हणाले. "शिंक आवरली नाही मला. चुकलं."

ताईने मागे वळूनही पाहिलं नाही. माझा हात धरून म्हणाली, "यांना कधी माफ करू नकोस."

"नाही करणार," मी म्हणालो.