चातुर्मासातल्या मरळी

शहापूर-मुरबाडकडच्या अकरा तळ्यांतले मासे दर महिन्याला मोजायचं काम मी सत्त्याण्णव साली एका संस्थेसाठी करत होते. जाळं ओढून झालं की पन्नास मरळी पट्टीवर ठेवायच्या, लांबी वहीत लिहायची. सरासरी दहा इंचांखाली गेली, तर तिथली मासेमारी दोन पावसाळे बंद ठेवा, असं संस्था कळवायची. त्याहून लहान मरळीने एकदाही अंडी घातलेली नसतात.

मी चातुर्मास पाळते. आषाढी एकादशीपासून माशाला हात लावत नाही. डोळखांबजवळच्या तळ्यावरची हौसा म्हणाली, "तुमी बांधावर बसा ताई. मी मोजते, तुमी लिवा." हौसाचा नवरा वारलेला. दोन मुलींचं पोट त्या तळ्यावर चालायचं.

ती आकडे सांगायची. "बारा. साडेअकरा. बारा." मी लिहायची.

"तुमचा देव चार महिने झोपतो म्हनं. मासं पन बघा कशी गप पडल्यात," ती म्हणायची. मला हसू यायचं. एकदा तिच्या मुठीतून जेमतेम शेपूट बाहेर दिसलं. लांबून सगळंच लहान दिसतं, असं मनाला सांगून मी बसून राहिले.

कार्तिकी एकादशी झाल्यावर मी स्वतः पट्टी घेतली. सात. साडेसहा. सात. दहाची एकही नाही.

"हौसाबाई, श्रावणात बारा होत्या ना?"

ती जाळ्यातलं शेवाळ काढत राहिली. "तवाबी सातच व्हत्या. खरं सांगितलं असतं तर तळं बंद. पोरींना काय घालू?" मग हळूच म्हणाली, "आताबी बारा लिवा. लिवनाऱ्या तुमी एकल्याच तं हाव."

श्रावणातच जाळी थांबली असती, तर निम्म्या तरी वाढल्या असत्या. मी सात लिहिलं. मागच्या चार महिन्यांच्या आकड्यांवर रेघ मारली, 'मी मोजलेले नाहीत' म्हणून सही केली. हौसाला वाचता येत नव्हतं, पण रेघ कळली. टोपली उचलून ती निघून गेली.

पौषात बंदीचा कागद आला. माघात पाहणीला गेले, तेव्हा तीनदा जाळं ओढून चार मरळी मिळाल्या. हौसाच्या दाराला कुलूप होतं.

"भिवंडीकडं गेली, वीटभट्टीवर," शेजारची धोंडूबाई म्हणाली. "पोरींना घेऊन."

"मुली शाळेत जात होत्या ना?"

"जात व्हत्या," धोंडूबाई म्हणाली.