गाडीचं नाव काढायचं नाही

आमचे मुख्याध्यापक सर देणग्या मिळवण्याचं शिबिर करून आले आणि येताना एक नियम घेऊन आले. मोठ्या देणगीदाराकडे मागायचं नाही, आधी नातं जोडायचं. विषय त्याने काढला तरच बोलायचं. नियम आणला सरांनी, नातं जोडायला धाडलं मला. आमच्या शाळेचा देणगी विभाग म्हणजे मी आणि एक डुगडुगणारी खुर्ची.

शाळा चालता न येणाऱ्या मुलांची. त्यांना घरून आणणारी गाडी कायमची बसली होती, मेकॅनिकनेही तिच्यापुढे हात टेकले होते. काही पालक मुलांना खांद्यावर घालून आणत, काहींनी पाठवणंच सोडलं होतं. नवी गाडी घेऊन देण्याची ऐपत असलेलं आमच्या माहितीत एकच माणूस होतं, गादीवाल्या आजी. गाद्यांचा कारखाना त्यांच्या मालकीचा, घर कारखान्याच्या मागेच, आणि घरात त्या आणि त्यांचं मांजर.

मी दर गुरुवारी जायला लागले. आधी नुसता चहा झाला. मग चष्म्याचा स्क्रू बसवून दिला, टीव्हीचा आवाज कमी कसा करायचा ते पुन्हा पुन्हा शिकवलं, मांजराला डॉक्टरकडे नेऊन आणलं. त्याने मला ओरबाडलं, तेही मी नात्याच्या खात्यात जमा केलं. पत्ते खेळताना आजी उघड उघड लबाडी करत आणि मी छताकडे बघत बसे, कारण देणगीदाराला हरवायचं नाही हे कलम सरांनी आपल्या मनानेच नियमात घातलं होतं. सासूबाई म्हणाल्या, एवढं माझं केलं असतंस तर घर तुझ्या नावावर केलं असतं. मी म्हटलं, आधी घर करा, मग मांजर आणा.

गाडीचा विषय काही आजी काढेनात. मी आडून आडून सुचवून बघितलं. खिडकीतून एखादी गाडी दिसली की मी म्हणे, काय छान गाडी आहे. आजी म्हणत, हॉर्न फार कर्कश आहे. एकदा पायी आल्याचं सांगून मी चारचौघींत शोभणार नाही इतका घाम पुसला, तर त्यांनी पंखा वाढवला. सर मात्र खूश. नातं घट्ट होतंय, म्हणाले. इतकं घट्ट झालं होतं की माझाच जीव गुदमरायला लागला होता.

आणि एका गुरुवारी सकाळी कळलं की चिमणी आता येणार नाही. चिमणी म्हणजे मी शिकवते त्या वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी. बाप तिला पाठीवर घेऊन यायचा, त्याची पाठ धरली होती. तिच्याशिवाय वर्ग इतका शांत होता की माझं टाळकंच सरकलं.

दुपारी आजींनी पत्ते वाटले. मी उचलले नाहीत.

"आजी, शाळेला गाडी पाहिजे," मी म्हणाले. "मी पहिल्या दिवसापासून तेवढ्यासाठीच येतेय."

आजी आपले पत्ते लावत राहिल्या. "माहीत आहे मला. तुमच्या सरांनी आधीच फोन केला होता, की येणारी बाई गाडीचं काही बोलणार नाही."

सरांचं काय करायचं ते मी नंतरवर टाकलं आणि विचारलं, मग दिली का नाहीत?

"याआधी एका संस्थेच्या लोकांना इमारत दिली. तेही असेच यायचे, मांजराला मांडीवर घ्यायचे. इमारत झाली, माझा फोटो भिंतीवर लावला, आणि यायचे बंद झाले. फोटो तिथे, मी इथे."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग जास्त होता, त्यामुळे तोच आधी बाहेर पडला. तुमचं मन रमावं म्हणून एक पोर घरी बसलीय, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. आजींनी हातातले पत्ते पुन्हा एकदा लावले. मग म्हणाल्या, आधी चाकं देते, पुढच्या महिन्यात दारं. मी विचारलं, तोवर मुलांना चाकांवर बसवू का?

त्यांचा पडलेला चेहरा बघून मला एकदम सुचलं.

"गाडी अख्खी द्या, डिझेलचे पैसे मात्र एकरकमी देऊ नका. टाकी संपली की पैसे न्यायला मी इथे येईन. मी आले नाही तर गाडी जागची हलणार नाही."

आजींनी पत्ते खाली ठेवले. "एक टाकी किती दिवस पुरते?"

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. "आठवडाभर," मी ठोकून दिलं. "तीही जेमतेम."

चेक घेऊन सर आणि मी शोरूममध्ये गेलो. विक्रेता एका गाडीच्या टाकीचं फार कौतुक करत होता. एकदा भरली की महिनाभर बघायला नको, म्हणाला. सरांनी समाधानाने मान डोलावली. मी त्याला सगळ्यात लहान टाकीची गाडी दाखवायला सांगितली.