वालूरची मानपत्रं

वालूरमध्ये कुणी निवृत्त झालं की मानपत्र दिनकररावांनीच लिहायचं, हे ठरलेलं. मराठीचे शिक्षक म्हणून स्वतः निवृत्त झाल्यावर त्यांनी लॅपटॉप घेतला तोही त्यासाठीच. रविवारी सकाळी शाळेतल्या सेविका रेणुकाबाईंचा निवृत्तीचा सत्कार होता, आणि नेमका शुक्रवारी लॅपटॉप निळ्या पडद्यावर अडकला. कितीदा बंद-चालू केला तरी पुढं जाईना.

शनिवारी त्यांची मुलगी ईश्वरी परभणीहून आली. ती तिथल्या कॉलेजात संगणक शिकवते. थोडी खटपट करून ती म्हणाली, "आप्पा, विंडोज नव्यानं टाकावं लागंल."

"आन् माझं लिखाण?"

"ते आधी बाहेर काढते."

दिनकरराव पेशंटच्या नातेवाइकासारखे शेजारी खुर्ची टाकून बसले. ईश्वरीनं पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि आतल्या फायली आपल्या हार्ड डिस्कवर उतरवायला घेतल्या. 'मानपत्र नवीन', 'मानपत्र एकदम नवीन', 'मानपत्र हेच खरं' अशी नावं सरकत होती.

"यातलं खरं कोणतं, आप्पा?"

"सगळीच खरी हायत. तू उतरव."

दोन-चार फोटो उघडून ते नीट आलेत याची तिनं खात्री केली, मग जुनं सगळं पुसून विंडोज टाकलं. दुपारी फायली परत जागेवर गेल्या. दिनकररावांनी 'हेच खरं' उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा नुसता काला झालेला.

"गेलं," ते हळूच म्हणाले.

"गेलं न्हाई. तुमचा जुना फाँट गेलाय. तो टाकला की अक्षरं पहिल्यासारखी दिसतील."

फाँट नेटवर मिळेना. तो सेलूच्या छापखान्यातल्या भुजंगकडं होता, पण भुजंग लग्नाला गेलेला. रविवारी संध्याकाळी पाठवतो म्हणाला.

दिनकररावांच्या पत्नी नर्मदाबाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. "मी सांगते, तुमी लिहा," त्या म्हणाल्या. "कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, सदैव हसतमुख असे आपले व्यक्तिमत्त्व..."

"हे तुला कसं पाठ?"

"दर बारीला मलाच वाचून दाखविता की. परमेश्वर तलाठ्याला हेच, बन्सीधर पोस्टमनला बी हेच. तलाठी हसलेला तर मी कधी बघितला न्हाई."

ईश्वरीनं तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. दिनकरराव उठून ओट्यावर जाऊन बसले. ईश्वरीनं चहा तिथं नेऊन ठेवला, तो निवला. बऱ्याच वेळानं आत न बघताच त्यांनी विचारलं, "मग रेणुकाबाईंचं काय लिहावं म्हणता?"

"प्रार्थनेच्या आधी पोरींच्या वेण्या घालायच्या त्या," ईश्वरी म्हणाली. "आई दवाखान्यात होती तवा महिनाभर माझ्या बी त्यांनीच घातल्या."

दिनकरराव तिच्याकडं वळले. "मला वाटायचं, तुझी तूच घालतीस."

"दुसरीत होते मी, आप्पा."

त्यांनी कागद ओढला. रात्रीच्या जेवणाआधी मजकूर झाला, आणि ईश्वरीनं तो दुसऱ्या फाँटमध्ये टाइप केला.

सत्कारात दिनकररावांनी वेण्यांची ओळ वाचली. रेणुकाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि बसल्या जागेवरून म्हणाल्या, "सर, रिबिनी बी मीच आणायची. तेवढं राहिलं." लोक हसले. दिनकररावांनी खिशातलं पेन काढून तेवढं तिथंच लिहिलं आणि मग मानपत्र त्यांच्या हाती दिलं.

संध्याकाळी भुजंगनं फाँट पाठवला. ईश्वरीनं तो टाकल्याबरोबर दिनकररावांनी जुनी मानपत्रं एकेक करून उघडली. प्रत्येकात तेच 'सदैव हसतमुख'.

"सगळी हायत का?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"हायत. एक बी गेलं न्हाई," दिनकरराव म्हणाले. पण म्हणावा तेवढा आनंद काही त्यांच्या आवाजात नव्हता.