उशिऱ्याचा पाय

भिंगरीने मोठ्या हौसेने जे केलं, त्याने शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मावशीआजीचं नाक कापलं गेलं.

मावशीआजी म्हणजे भिंगरीच्या आईची मावशी. उभा जन्म तिने पडद्यावरच्या माणसांना आवाज पुरवले. कुणी जिना उतरला की पावलं हिची, कुणी थोबाडीत खाल्ली की टाळी हिची. तिचा सगळ्यात गाजलेला आवाज होता ‘बिनकामाची पलटण’ या जुन्या विनोदी मालिकेतला. आठ शिपाई कवायत करायचे आणि शेवटचा, ज्याला सगळे उशिऱ्या म्हणायचे, त्याचा बूट कायम मागून पडायचा. धप्प… टक्! तेवढ्यावर घरोघरी लोक पोट धरून हसायचे. मालिकेच्या नावांच्या पाटीत चहावाल्याचंसुद्धा नाव होतं. मावशीआजीचं नव्हतं.

आता त्याच मालिकेचा सिनेमा होत होता. दिग्दर्शिकेने स्वतः फोन केला होता. “बाई, कवायत तुमचीच हवी. आणि या वेळी तुमचं नाव पडद्यावर जाणार म्हणजे जाणार.”

भिंगरीला तर आकाश ठेंगणं झालं. तिने माळ्यावरून कवायतीची चौकट काढली. लाकडी चौकट, तिच्यात दोऱ्यांवर सैल लोंबणाऱ्या आठ खुंट्या. वाळूच्या ट्रेवर आपटली की आठ जोडी बूट चालतायत असं वाटावं. भिंगरीने ती पुसली, तेल लावलं. एक खुंटी बोटभर आखूड निघाली. तुटकी! लगेच शाळेच्या कार्यशाळेत जाऊन तिने नवी, अगदी मापात बसणारी खुंटी घडवली, चौकटीत ओवली आणि जुनी फेकून दिली. मावशीआजीला काही सांगितलं नाही. शनिवारी कळेलच की, म्हणून.

कळलंच. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पडद्यावर शिपाई चालू लागले. मावशीआजीने चौकट आपटली. धप्प. धप्प. धप्प. सगळे एकदम, एकसुरात, खऱ्याखुऱ्या सैन्यासारखे. कुणीही हसलं नाही.

“बाई,” दिग्दर्शिका अवघडून म्हणाली, “तो ‘टक्’ कुठे गेला?”

मावशीआजीने चौकटीवरून बोटं फिरवली, नव्या खुंटीपाशी थांबली आणि भिंगरीकडे पाहिलं.

“मी… दुरुस्त केली.”

“उशिऱ्याला दुरुस्त केलंस? कार्टे, सगळ्या वरिष्ठांनी हात टेकले त्याच्यापुढे, आणि तू एका दुपारीत त्याला सरळ केलंस!”

संगणकावर एक ठोका मागे सरकवून पाहिला. उशीर झाला, पण हसू येईना. दिग्दर्शिका म्हणाली, “सोमवारी संध्याकाळपर्यंत थांबते. नाहीतर मग तयार आवाज वापरावा लागेल.”

म्हणजे नावही गेलं.

भिंगरीने चंग बांधला. रविवारी सकाळपासून ती करवत घेऊन बसली. खुंटी अर्धं बोट आखूड करून पाहिली, एक बोट, दीड बोट. आपट, ऐक, काढ, दुसरी बसव. अकरा खुंट्या झाल्या. हाताला फोड आले. शेजारच्या काकूंनी “भिंत पाडताय का?” म्हणून विचारून झालं. टक् येत होतं, पण ते नुसतं टक् होतं.

बाराव्या खुंटीला मावशीआजी दारात येऊन उभी राहिली. “किती लाकूड खाणार आहेस?”

“बरोबर माप मिळेपर्यंत. तू कसं ठरवलं होतंस ते तरी सांग ना!”

“ठरवलं कुठे? पहिल्याच दिवशी जिन्यात चौकट माझ्या हातून पडली, खुंटी मोडली. बदलायला वेळ नव्हता, तशीच वाजवली. सगळे इतके हसले, की तो शेवटचा बिननावाचा पोरगा एकदम उशिऱ्या झाला.”

भिंगरीने करवत खाली ठेवली. “म्हणजे तूही घोळच घातला होतास?”

“घातला. पण नंतर सांभाळला.” मावशीआजी खाली बसली. “खुंटी नुसती आखूड असून भागत नाही गं. मी चौकट टेकवायची आणि आखूड खुंटीची बाजू मनगटाने उचलून धरायची. पडद्यावरच्या उशिऱ्याच्या तोंडाकडे बघत. तो आधी शेजाऱ्याच्या बुटाकडे बघतो, मग घाबरतो, मग पाय टाकतो. त्याला घाबरायला वेळ द्यायचा.”

“मग उद्या दे की!”

मावशीआजीने शनिवारच्या आपटण्याने सुजलेलं मनगट पुढे केलं. “हे वळतंय का बघ.”

भिंगरीने मनगट पाहिलं, मग चौकट उचलली. “माझं वळतं. शिकव.”

“सोपं नाही ते.”

“मी सोपं आहे का असं विचारलंच नाही.”

सोमवारी ती शाळेच्या गणवेशातच वाळूच्या ट्रेपाशी उभी राहिली. मावशीआजी मागे खुर्चीत. पडद्यावर पलटण निघाली. धप्प, टक्. धप्प, टक्. मग नव्या उशिऱ्याने चोरून शेजाऱ्याच्या बुटाकडे पाहिलं. भिंगरीने मनगट वर धरलं. त्याने आवंढा गिळला. अजून नाही. भुवया वर गेल्या. अजून नाही. सगळी पलटण थांबली, साहेब वळला…

टक्.

दिग्दर्शिका अशी फिस्सकन हसली, की ते हसू सगळं मुद्रणात आलं.

“पुन्हा घ्यावं लागणार,” भिंगरी कडक आवाजात म्हणाली. “आणि आता कुणी हसायचं नाही!”

पाच वेळा घेतलं. पाचही वेळा कुणीतरी हसलंच. सहाव्यांदा दिग्दर्शिका तोंडात रुमाल कोंबून बसली, तेव्हा कुठे जमलं.

मग तिने वही उघडली. “बाई, पाटीत काय लिहू?”

मावशीआजीने आपलं पूर्ण नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर नीट लिहिलं जातंय ना ते बघत. मग भिंगरीकडे मान वळवली.

“हिचंही घाला. पण माझ्यानंतर, एक ठोका उशिरा.”