न निघणारा गुलाबी

पेणच्या रामवाडीत पोर रांगायला लागलं की आधी रंगाच्या डब्यात हात घालतं, मग आईच्या ताटात. गणपती घडवणाऱ्यांच्या घरात दुसरं काय होणार? म्हणून अकरा वर्षांच्या दिपिकाच्या दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांडीवर गुलाबी लाली उमटली, तेव्हा तिची आई नूतन जे बोलली, ते तिथली कुठलीही आई बोलली असती.

"रंगाचे हात तोंडाला लावू नको म्हणून किती वेळा सांगू गो?"

"मी नाय लावले, आई."

"मग बाप्पानं लावले?"

लेकीला मोरीत बसवून नूतननं बेसन लावलं, मग खोबरेल, आणि शेवटी रंगाऱ्यांचं ब्रह्मास्त्र, रॉकेलचा बोळा. दिपिकानं आळी डोक्यावर घेतली. सकाळी लाली जागच्या जागी! नूतनही इरेला पेटली. तिला पुरून उरेल असा डाग अजून जन्माला यायचा होता.

गणपतीच्या कारखान्यात नवरा हिरामण मूर्तींना रंग द्यायचा आणि नूतन घड्यांत साचलेला रंग टिपायची. त्यानं निकाल दिला, "कारखान्यातला रंग हवेत उडतो, तो पोरीला सोसत नाय. परीक्षा झाली की निडीला ताईकडं धाड." बोटं दुखतात म्हणून दिपिका सकाळी रडायची, तेही ब्रश धरून दुखतात असं ठरलं. खापर फोडायला रंग सापडल्यावर कोण कशाला मागं राहतंय?

मे महिन्यात लेकीला बघायला नूतन पॅसेंजरनं निडीला उतरली. नणंदेच्या, मैनाच्या अंगणात वाल वाळत पडले होते आणि दिपिका उन्हात बसून कोंबड्या हाकत होती. जवळ जाऊन बघते तर लाली दुप्पट. सगळ्या घरात रंगाचा एक थेंब नव्हता.

"पोर गुणाची झाली हां," मैना कौतुकानं म्हणाली. "गेल्या साली माझी कौलं फोडली. यंदा जागची हलत नाय."

"वन्सं, ही गुणाची नाय झाली," नूतन म्हणाली. "ही दमलीय."

वेणी घालायला घेतली तर फणीत केसांचा पुंजका आला. कपाळ कोमट लागलं. मग मात्र नूतननं पाणीही न पिता लेकीला रोह्याला नेलं.

रोह्याचे दिनानाथ डॉक्टर घाईचे नव्हते. त्यांनी दिपिकाचा चेहरा खिडकीकडं वळवला.

"गणपतीच्या कारखान्यात काम करता म्हणालात ना? मग बघा. रंग असता तर नाकपुडीच्या कडेच्या घडीत आधी साचला असता. ही लाली नाकावरून दोन्ही गालांवर गेलीय, पण ती घडी कोरी आहे."

नूतननं पाहिलं. जन्मभर मूर्तींच्या घड्यांतला रंग टिपणाऱ्या बाईला आपल्याच पोरीची घडी दिसली नव्हती.

"उन्हात वाढते? सकाळी बोटं आखडतात? बारीक ताप येतो-जातो?"

"व्हय. व्हय. व्हय."

डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं. टाळूवर एक फोड होता, न दुखणारा.

"यातलं एकेक कुणालाही होतं. सगळं एकाच पोरीत आलं की मला लुपसची शंका येते. अंगातले राखणदारच घरावर दगड मारायला लागतात, असा आजार. पण नुसत्या शंकेवर नाव नको ठेवायला. रक्त-लघवी तपासू, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू. त्यानं किडनीला हात घालायच्या आत आपण त्याला गाठायचं."

नूतनला रडू फुटलं. "मी तिला रॉकेलनं घासली, डॉक्टर!"

"त्यानं हा आजार होत नाही. पण आता पुरे."

"डॉक्टर," दिपिका पटकन म्हणाली, "ते रॉकेलचं कागदावर लिवून द्या. आई तोंडी ऐकत नाय."

डॉक्टर इतके हसले की कंपाउंडर आत डोकावला. त्यांनी खरंच लिहून दिलं.

मुंबईच्या तपासणीत लुपसच निघाला. आजार जन्माची सोबत करणार होता, पण किडनी धडधाकट होती आणि गोळ्यांनी त्याला वेसण घालता येणार होती. 'किडनी धडधाकट' एवढंच ऐकून नूतननं दवाखान्याच्या पायरीवर बसकण मारली आणि हसत-रडत लेकीचे मुके घेतले. लोक बघत होते. बघू देत!

मग गोळ्या, लघवीच्या तपासण्या, उन्हात छत्री. गोळ्यांनी दिपिकाचं तोंड पुरीसारखं फुगलं, आणि पुढं हळूहळू उतरलं. नूतन मात्र रोज सकाळी ती पांघरुणातून कशी उठते ते चोरून बघायची.

दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी शेजारची पुतळी तणतणत आली. "नूतन, आवर तुझ्या पोरीला! माझ्या पेरूवर चढलीय, पार शेंड्याला!"

"शेंड्याला?" नूतनच्या हातातली परात खाली पडली. "कशी चढली?"

"कशी म्हंजे? हातानं फांद्या धरून! दातानं चढतात काय?"

"बोटांनी धरून?"

"येडी झालीस काय गो?"

नूतन पदर खोचून धावली. झाडाखाली पोचली तेव्हा ऊन केव्हाच उतरलं होतं. वर दिपिका फांदीला घट्ट मिठी मारून बसली होती.

"मारशील, आई?"

नूतननं डोळे पुसले आणि बोट वर केलं.

"तो डावीकडचा पिकलाय बघ. तो तोड."