गामतळातलं तळं

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. यंत्रमागावरून घरी आलेल्या हिलालनं बायकोला सांगितलं, की नगररचना मंडळानं आपल्या डिंडोलीचा नवा नकाशा लावलाय आणि त्यात गामतळ दाखवलंय. तेव्हापासून कलाबाईचं कशात लक्ष लागेना.

लग्न होऊन खानदेशातून आल्यापासून तिनं पाणी पाहिलं ते नळाचं, नाहीतर टँकरचं. गावचं तळं, त्याच्या काठावर धुणं आपटत रंगणाऱ्या गप्पा, सगळं मागं राहिलं होतं. आता इथंही तळं होणार म्हणून ती ठेवणीतलं लुगडं नेसून नवऱ्याबरोबर निघाली.

नकाशा शाळेच्या भिंतीवर होता. मंडळाचे देसाईसाहेब लोकांना रस्ते, गटारं, बागेची जागा बोटानं दाखवत होते.

"ते ऱ्हाऊ द्या," कलाबाई म्हणाली. "तळं कोठे शे?"

"तळं? गामतळ म्हणजे गावची वस्ती, बेन. घरं आहेत ती जागा."

तिचा चेहरा पडला. मग ती उसळलीच. "एवढा थोरला कागद, अन् त्यात पाण्याला बोटभर जागा नाही?"

साहेब हसले नाहीत. "लोकांच्या सूचना ऐकणं आमचं कामच आहे. बोला, कुठं हवं?"

"आपलं घर कोणतं?" तिनं हिलालला विचारलं. त्यानं दाखवलेल्या चौकोनावर तिनं बोट ठेवलं. "आठेच, ह्याच जागी करा."

"अहो बेन, मग घर जाईल!"

कलाबाईनं बोट उचललं नाही.

"जाऊ द्या साहेब. काठावर दुसरं बांधू."